गाठीची भूक आणि आत्याचं ताट

आत्याच्या मानेतली गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची निघाली. रिपोर्ट हातात पडून आठवडा होतो न होतो तोच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला : ऑटो वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला कॅन्सरचं मूळ कारण शोधल्याबद्दल १९३१ साली नोबेल मिळालं, कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, साखर बंद करा म्हणजे कॅन्सर उपाशी मरेल, शरीर अल्कलाइन ठेवा, लिंबात खायचा सोडा घ्या. पाठवणाऱ्या चुलतभावाच्या मनात आत्याबद्दलच्या मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. घरात एवढं मोठं आजारपण आलं की प्रत्येकाला काहीतरी करावंसं वाटतं. हातात करण्यासारखं काही नसलं की माणूस निदान मेसेज तरी पाठवतो.

आत्याने तो मनावर घेतला. आधी चहातली साखर गेली, मग भात गेला, पोळी गेली, शेवटी फळंही गेली. कळव्याला तिच्याकडे गेले तेव्हा दुपारचं ताट बघून माझ्या पोटात खड्डा पडला. उकडलेला दुधी, काकडीच्या चकत्या आणि वाटीभर ताक, एवढंच. गळ्याखालची हाडं वर आली होती आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"अगं, त्याला कशाला पोसायचं? उपाशी ठेवायचं मेल्याला," ती म्हणाली. आवाजात जिद्द होती. आपण लढतोय असं तिला वाटत होतं, आणि म्हणूनच मला लगेच काही बोलवेना.

मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशी साखरेतून ऊर्जा कशी काढते, म्हणजे ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, एटीपी, हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढते. त्यामुळे त्या मेसेजमधलं अर्धं खरं आहे हे मला दिसत होतं, आणि खरी अडचण तीच होती. धडधडीत खोटं असतं तर एका वाक्यात उडवून लावलं असतं. यात खऱ्याला खोटं असं चिकटलं होतं की ते सोडवायला वेळ काढून बसावंच लागलं. ती सोडवणूक इथे लिहिते, कारण हा मेसेज फक्त आमच्याच घरी आलेला नाही.

वॉरबर्ग खरा आणि त्याचं निरीक्षणही खरं. बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात त्याने उंदरांच्या गाठींचे पातळ काप बंद भांड्यात ठेवले आणि ते किती ऑक्सिजन घेतात, किती आम्ल सोडतात हे वायूच्या दाबावरून मोजलं. निरोगी ऊतीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोज शेवटपर्यंत जाळते. गाठीचे काप मात्र भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवट तोडत होते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होते. आपण जिना धावत चढलो की पायाच्या स्नायूंत हेच होतं, कारण तिथे ऑक्सिजन कमी पडतो. गाठीला तो कमी पडत नव्हता, तरी ती तेच करत होती. आमच्या पुस्तकातलं चक्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो हान्स क्रेब्ज १९२६ ते १९३० या काळात याच वॉरबर्गच्या हाताखाली काम करत होता. वर्गात हे सांगितलं की मुलं मान वर करतात. पुस्तकातली नावं एकमेकांना ओळखत होती, याचं त्यांना नवल वाटतं.

त्याच सुमारास अमेरिकेत गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याने आणखी सरळ पुरावा दिला. त्यांनी एका पंखात गाठ आणि दुसरा पंख निरोगी अशी कोंबडी घेतली आणि दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त तपासलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी होतं आणि लॅक्टिक आम्ल जास्त. हा प्रयोग १९२५ सालचा. म्हणजे गाठ साखर ओढते ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे आणि पक्की आहे.

आता चुकीचा भाग. वॉरबर्गला नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमच्या कामाबद्दल, कॅन्सरच्या कारणाबद्दल नाही. कॅन्सरचं मूळ म्हणजे पेशीचं बिघडलेलं श्वसन, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. १९५६ साली त्याने ते पुन्हा मांडलं आणि १९७० मध्ये जाईपर्यंत सोडलं नाही. पण पुढे बहुतेक गाठींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली श्वसनाची केंद्रं, चालू असल्याचं दिसलं. त्या गाठी श्वसन करतात, ऑक्सिजन वापरतात आणि शिवाय साखरही अर्धवट तोडतात. काही गाठी तर ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लावर आणि चरबीवर मजेत वाढतात. निरीक्षण अचूक, पण त्यावरून काढलेलं कारण टिकलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही असं होऊ शकतं, हे मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडतं.

सोड्याचं तर थोडक्यात. रक्ताचा सामू (pH) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. लिंबू किंवा चिमूटभर सोडा पिऊन तो फारसा हलत नाही. गाठीच्या आजूबाजूची जागा आम्लधर्मी असते हे खरं, पण ते आम्ल गाठ स्वतः तयार करते. जेवणातून ते तिथे पोचत नसतं.

पण मग गाठ असं का करते? फळ्यावरचा हिशोब तर तिच्या विरोधात आहे. ग्लुकोजचा एक रेणू अर्धवट तोडला तर निव्वळ २ एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळतात, शेवटपर्यंत जाळला तर ३० ते ३२. इतका तोटा सोसून कोणती पेशी वाढेल? दर वर्षी एखादं हुशार पोर हा प्रश्न विचारतंच, आणि पूर्वी यावर देण्यासारखं चांगलं उत्तर पुस्तकात नसायचं. २००९ साली वँडर हायडन, कँटली आणि थॉम्प्सन या तिघांनी एका लेखात ते नीट मांडलं. त्यांचं म्हणणं असं की वाढणाऱ्या पेशीला ऊर्जा तर लागतेच, पण त्याहून जास्त लागतो कच्चा माल. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर सगळं दुप्पट हवं. डीएनए, पेशीचं आवरण, प्रथिनं, सगळं. त्यासाठी लागणारा कार्बन ग्लुकोजमधूनही येतो. सागवानी लाकूड चुलीत घातलं तर ऊब मिळेल, पण घर बांधायला निघालेला माणूस ते जाळत नाही, त्याच्या तुळया करतो. गाठीतली पेशी ग्लुकोजकडे त्या माणसाच्या नजरेने बघते. ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवर ठिकठिकाणी आडवळणं आहेत. एक डीएनएच्या साखरेकडे जातं, एक सेरीन या अमिनो आम्लाकडे, एक चरबीकडे. वाट शेवटपर्यंत न जाता तुंबवली की ही आडवळणं वाहती राहतात.

आणि ही खोड एकट्या कॅन्सरची नाही. गर्भातल्या पेशी असंच वागतात. जंतूंशी लढायला निघालेल्या आपल्या पांढऱ्या पेशीही भराभर वाढायच्या वेळी हीच वाट धरतात. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण 'कॅन्सर उपाशी मारा' हे सोपं वाक्य जिथे अडकतं ती जागा हीच.

गाठीच्या या भुकेचा सगळ्यात मोठा उपयोग मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो आत्याच्या पेट स्कॅनच्या दिवशी. सहा तास उपाशी यायचं, फक्त पाणी चालेल, रक्तातली साखर २००च्या आत हवी, अशा सूचना होत्या. आत्याला मधुमेह आहे, त्यामुळे तिची मेटफॉर्मिन आधीच थांबवायला सांगितली होती. त्या गोळीने आतडी साखर जास्त ओढतात आणि चित्रात पोट उजळून निघतं. आत गेल्यावर नर्सने बोट टोचून साखर पाहिली. शिशाच्या जाड नळीत बसवलेली सिरिंज आली, इंजेक्शन दिलं आणि आत्याला आरामखुर्चीत ब्लँकेटखाली बसवलं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, मोबाइल नाही. बोललं की घशाचे स्नायू साखर खातात. थंडी वाजली की मानेजवळची एक खास चरबी ऊब निर्माण करायला लागते, तीही चित्रात उजळते, आणि आत्याची गाठ नेमकी मानेत. म्हणून ते ब्लँकेट. आत्या तासभर गप्प बसली, ही आमच्या घरच्या इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

त्या सिरिंजमध्ये होती थोडी बदललेली साखर. नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी फ्लुओरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. पेशीला ती साखरच वाटते. पेशी तिला आत घेते, पहिल्या पायरीवर हेक्सोकायनेज हे एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवतं, पण पुढची पायरी तिला जमत नाही आणि बाहेर पडायची वाटही बंद झालेली असते. ज्या पेशीला भूक जास्त तिच्यात ही साखर जास्त साठते, तिथून किरण येतात आणि चित्रात ती जागा चमकते. फ्लुओरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते साठवता येत नाही. जवळपास सायक्लोट्रॉन, म्हणजे असे अणू तयार करणारं यंत्र, लागतो. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये चालू झाला.

चित्र पाहताना आत्या घाबरली. या चित्रात चमक काळ्या रंगात उमटते. मानेतल्या आणि छातीतल्या गाठी काळ्याभोर दिसत होत्या, पण मेंदूही काळाच होता, आणि मूत्राशयही. "डोक्यात पण गेलाय का गं?" तिने माझा हात घट्ट धरला. नाही आत्या, मेंदू रोजच्या रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो, तो उजळणारच. आणि उरलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून खाली तो ठिपका. क्षयाची गाठ किंवा साधा संसर्गही असाच उजळतो. म्हणून आपल्याकडे नुसत्या चमकणाऱ्या ठिपक्यावर कुणी निदान करत नाही, सुईने तुकडा काढून तपासतात. मशीन दाखवतं ती भूक. भूक कुणाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

पुष्कळांना वाटतं की चयापचयावर वार करणारी औषधं ही उद्याची गोष्ट. मला वाटतं, केमोथेरपीची सुरुवातच तिथून झाली, आणि त्या सुरुवातीचं एक टोक आपल्या परळमध्ये आहे. ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर प्रकारचा रक्तक्षय होत होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करून तिने दाखवलं की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातला गुण ज्या घटकाचा, त्याला आज आपण फोलेट म्हणतो. गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी देतात त्यामागे परळच्या त्या गिरणी कामगार बायका आहेत.

फोलेट नसेल तर पेशी डीएनए बनवू शकत नाही. अमेरिकेत लेडरली कंपनीत भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते कृत्रिमरीत्या बनवलं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांमध्ये दिसलं की फोलेट दिल्यावर आजार उलट जोर धरतो. मग त्यांनी उलटा विचार केला : फोलेटसारखं दिसणारं, पण पेशीच्या हाती लागलं की काम बंद पाडणारं काही देता येईल का? तेही सुब्बारावांच्या गटानेच बनवलं. नाव ॲमिनॉप्टेरिन. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत छापली, त्यातल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. तोवर या आजाराच्या मुलांसाठी करण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. ॲमिनॉप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्झेट. आजही ल्युकेमियाच्या मुलांना घरी आठवड्यातून एकदा ती गोळी दिली जाते. हाफकिनपासून जवळच असलेल्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०२० साली दाखवलं की तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये हीच स्वस्त गोळी थोड्या मात्रेत, सेलेकॉक्सिब या सूज-वेदनेवरच्या गोळीच्या जोडीने, शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधापेक्षा सरस ठरते. तंबाखू आणि मिश्रीने ज्यांची तोंडं गेली अशा गरीब रुग्णांच्या या राज्यात हे काम फार मोलाचं आहे. याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण ॲस्पॅरॅजिनेज या औषधाचं. गिनी पिगच्या रक्तद्रवाने उंदरांच्या लिम्फोमाच्या गाठी वितळतात, हे १९५३ साली दिसलं. त्यातलं औषध कोणतं, हे कळायला १९६१ उजाडलं. ॲस्पॅरॅजिन नावाचं अमिनो आम्ल आपल्या बहुतेक पेशी स्वतः बनवतात. लहान मुलांच्या ल्युकेमियातल्या पेशींना ते नीट जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. ॲस्पॅरॅजिनेज रक्तातलं ॲस्पॅरॅजिन तोडून टाकतं. कॅन्सरला खरोखर उपाशी मारायचं म्हणजे काय, ते इथे बघावं. ज्या एका पदार्थावाचून कॅन्सरचं अडतं आणि आपल्या पेशींचं अडत नाही, तेवढाच हिसकावून घ्यायचा. मूल मात्र जेवत राहतं.

अलीकडची गोष्ट आयडीएच या एन्झाइमची. २००८ साली मेंदूच्या काही गाठींत त्याच्या जनुकात बदल सापडला. पुढच्याच वर्षी कळलं की बदललेलं एन्झाइम एक भलताच पदार्थ तयार करतं, २-हायड्रॉक्सिग्लुटारेट. तो साठला की डीएनएवरच्या रासायनिक खुणा विस्कटतात आणि पेशी परिपक्व होतच नाही, अर्धवट अवस्थेत वाढत राहते. म्हणजे इथे चयापचयातली एक बिघडलेली पायरी थेट आजाराच्या मुळाशी निघाली. वॉरबर्ग हयात असता तर त्याला किती समाधान वाटलं असतं! त्या एन्झाइमला रोखणारी गोळी एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि हळू वाढणाऱ्या मेंदूच्या गाठींसाठी व्होरासिडेनिब २०२४ मध्ये.

मग साखरेवरच सरळ घाव का घालत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची २-डीजी नावाची पावडर बातम्यांत होती, आठवतं? पेटच्या इंजेक्शनातल्या साखरेतून किरणोत्सारी फ्लुओरिन वगळला तर उरते ती हीच. आपल्या देशात तिच्यावर आधी काम झालं होतं ते मेंदूच्या गाठींसाठी, रेडिएशनच्या जोडीला. पण ग्लुकोज सगळ्यांनाच लागतं. मेंदूला लागतं, आणि गाठीवर चालून जाणाऱ्या टी पेशींनाही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) लागतं. गाठ त्यांच्या तोंडचा घास आधीच पळवत असते, वर आम्ल सोडून त्यांना लुळं करते. सरसकट साखर अडवली तर आपलेच सैनिक आधी बसतात.

मेटफॉर्मिनकडून मोठी आशा होती. मधुमेहाची स्वस्त गोळी, इन्शुलिन कमी ठेवते, मायटोकॉन्ड्रियाला थोडी वेसण घालते. ती घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं काही पाहण्यांत वाटलं होतं. मग मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तन कॅन्सर रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना पाच वर्षं मेटफॉर्मिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. निकाल २०२२ साली आला. मुख्य गटात आजार परतण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. केटो आहाराचं, म्हणजे पोळी-भात-साखर जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर अशा आहाराचं, चित्र याहून गुंतागुंतीचं. २०१८ साली उंदरांवर दिसलं की एका ठरावीक औषधासोबत तो दिला तर औषधाला बळ मिळतं, कारण ते औषध इन्शुलिन वाढवतं आणि आहार ते खाली ठेवतो. पण त्याच कामात ल्युकेमियाच्या उंदरांना नुसता केटो आहार दिला तेव्हा आजार आणखी वेगाने वाढला. एका गाठीचा पथ्य-आहार दुसऱ्या गाठीला खतपाणी ठरू शकतो. म्हणून 'कॅन्सरचा आहार' असं एकच नाव घेऊन कुणी तक्ता विकत असेल तर मला राग येतो. समोरच्या माणसाची भीती हेच त्याचं भांडवल असतं.

हे सगळं आत्याला कसं सांगायचं? एक गोष्ट मात्र तिला चटकन पटली. माणसाच्या अख्ख्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं चमचाभर, पाच ग्रॅमच्या आसपास. तेवढं ते सतत ठेवणं यकृताचं काम. तू भात सोडलास म्हणून यकृत ते काम सोडत नाही. ते तुझ्या दंडातले, मांड्यांतले स्नायू तोडून त्यांतल्या प्रथिनांपासून साखर बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, फक्त तो तुझ्या हातापायातून जातो. आत्याने आपल्या सैल बांगड्यांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

भर म्हणजे गाठ स्वतःही शरीर झिजवते. तिने सोडलेलं लॅक्टिक आम्ल यकृतात जातं, यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं. कोरी दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. गाठीला त्यातून २ एटीपी मिळतात, यकृताला खर्च येतो ६. त्यात गाठीमुळे सुटणारी दाहाची रसायनं भूक मारतात आणि स्नायू वितळवतात. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन असं आपोआप घटलं की डॉक्टर त्याला गंभीर समजतात, कारण झिजलेल्या शरीराला केमो सोसत नाही, डोस कमी करावे लागतात, तारखा पुढे जातात. आत्या ज्याला लढाई समजत होती ती तिला त्या दिशेने नेत होती.

पुढच्या तारखेला खारघरच्या रुग्णालयात जाताना मी सोबत गेले. ठाण्याला उतरून जिना चढून ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मला जाईपर्यंतच तिला धाप लागली. आहारतज्ज्ञ मॅडमनी तिचं वजन केलं, वरच्या दंडाचा घेर मोजला, आणि ती काय खाते ते शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, साखर, गूळ, मिठाई नकोच, तुम्हाला डायबेटिस आहे. पण पोळी कुणी बंद केली तुमची?" वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि त्याचं जेवण करून दाखवलं : मुगाचं धिरडं, दोन अंडी, घट्ट वरण, घरचं ताजं दही, दाण्याची चटणी, नाचणीची भाकरी. केमोच्या दिवसांत कच्ची काकडी-कोशिंबीर नको, सगळं शिजवून. एका वेळी जात नसेल तर दोन-दोन तासांनी थोडं थोडं. वहिनीने तो कागद फ्रिजवर चिकटवला. आता घरात कुणी आत्याला काही पथ्य सांगायला आलं की ती त्या कागदाकडे बोट दाखवते.

तरी आत्याचा खरा विश्वास बसला तो वेगळ्याच कारणाने. तिच्या केमोत दर वेळी पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. लिम्फोमाच्या पेशींना ते मारतं, पण रक्तातली साखर चढवतं. पहिल्याच खेपेला ग्लुकोमीटरवर २८० आले आणि आत्या हादरली. डॉक्टरांनी त्या दिवसांपुरतं इन्शुलिन वाढवून दिलं, साखर आटोक्यात ठेवायची ती जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, हे समजावलं. पण आठवडाभरात मानेतली गाठ हाताला लागेनाशी झाली. साखर २८० आणि गाठ मात्र विरघळतेय. "म्हणजे हिचं मरणं साखरेवर नव्हतंच," आत्या म्हणाली. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. इतका नेमका निष्कर्ष मी वर्गात फार थोड्यांकडून ऐकला आहे.

केमोच्या मध्यावर पुन्हा पेट झाला. लिम्फोमात या दुसऱ्या चित्राला पाचपैकी गुण देतात, फ्रान्समधल्या डोव्हिल या गावी २००९ साली ठरलेल्या रीतीने. गाठीच्या जागची चमक रुग्णाच्याच छातीतल्या रक्ताशी आणि यकृताशी ताडून पाहायची. कमी गुण चांगले. आत्याला दोन मिळाले. मान आणि छाती दोन्हीकडे काळं काही उरलं नव्हतं, मेंदू मात्र होता तसाच काळाभोर.

"मग आता पुढच्या सलाइनी कशाला?" तिने डॉक्टरांना विचारलं. प्रश्न रास्त होता. डॉक्टर म्हणाले, मशीनला काही मिलिमीटरहून लहान गाठ दिसत नाही, आणि सेंटिमीटरभर गाठीत कोट्यवधी पेशी असतात. चित्र स्वच्छ आलं म्हणजे त्या दिसण्याइतक्या उरल्या नाहीत, एवढंच. ठरलेल्या सगळ्या सायकल पूर्ण करायच्या.

आत्याने मान डोलावली, पिशवीतून डबा काढला आणि विचारलं, "रक्त द्यायच्या आधी खाल्लेलं चालतं ना? धिरडं आणलंय."